विश्लेषण : पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी वेळेतच का हवी?

उलट्या थांबलेल्या, जेवण जाऊ लागलेले, पोटही अजून फार जड झालेले नाही. गरोदरपणातला पाचवा महिना अनेकींना सर्वांत सुखाचा वाटतो. त्रास नाही म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते, तीही याच काळात. पण याच आठवड्यांत होणारी एक सोनोग्राफी उशिरा केली, तर तिचा बराचसा उपयोग हातातून गेलेला असतो.

बाळ किती वाढलेले असते?

विसाव्या आठवड्यात बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि ३०० ग्रॅमच्या आसपास असते. गर्भाशय बेंबीपर्यंत पोहोचते. पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास पोटात फडफडल्यासारखे होते. अनेकींना आधी ते गॅसेसच वाटतात. दुसऱ्या खेपेला हालचाल लवकर ओळखू येते. वार पुढच्या बाजूला असेल, तर थोडी उशिरा. मात्र २४ आठवडे होऊनही काहीच जाणवले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

सोनोग्राफीत काय पाहतात?

मेंदू, मणका, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडे, ओठ, हातपाय अशी बाळाची नखशिखान्त पाहणी होते. वार कुठे आहे, गर्भजल किती आहे, हेही कळते. वार खाली असल्याचे ऐकून घरचे घाबरतात, पण बहुतेकींची वार गर्भाशय वाढेल तशी वर सरकते. मुलगा की मुलगी हे सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे; ते विचारूही नये. अहवाल चांगला आला म्हणजे शंभर टक्के हमी मिळाली, असेही नाही. हृदयाचे काही दोष नंतरच दिसतात.

मग घाई कसली?

ही तपासणी १८ ते २० आठवड्यांत करतात. घरात मात्र हिशेब महिन्यांचा असतो. ‘पाचवा लागला’ आणि ‘पाचवा सरला’ यांत जवळपास चार आठवड्यांचे अंतर आहे. म्हणून शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजून तारीख आधीच घ्यावी. गंभीर व्यंग आढळले, तर पुढच्या तपासण्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत यांत दिवस जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोघांचे लागते. त्यानंतर मोठे व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. २३ व्या आठवड्यात पहिल्यांदा सोनोग्राफी झालेल्या जोडप्याला विचार करायलाही उसंत उरत नाही. गर्भ ठेवायचा ठरला, तरी वेळेत कळल्याचा फायदा आहेच : बाळंतपण कुठे करायचे, बाळाच्या शस्त्रक्रियेची सोय कुठे आहे, हे आधी ठरवता येते.

आईने काय सांभाळावे?

या काळात शरीरातले रक्त वाढते, पण त्यातला पातळ भाग अधिक वाढल्याने हिमोग्लोबिन उतरते. ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लोहाची गोळी देतात. शौचाला काळे होते म्हणून ती बंद करू नये. चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबतही घेऊ नये. दोन्हींमुळे लोह कमी शोषले जाते. ‘दोन जिवांचे खा’ हा आग्रह थोडा आवरावा : रोज साधारण ३५० उष्मांक जास्तीचे पुरतात. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत असते, तीही पुढे ढकलू नये.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. मात्र अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, डोके खूप दुखून अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज, ताप किंवा जाणवू लागलेली हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाले, तर ९ तारखेची वाट न पाहता १०२ किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.