रिकाम्या ओळींचा भार

फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. आता नाव बदलले की पाटी, शिक्का, दाखल्याचा छापील नमुना, जिथे जिथे ते लिहिले तिथे तिथे बदलणे आले. गुरुजींना हे सांगायला नको. संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर ही पाळी वरचेवर येते.

प्रोग्रामात ‘क्लास’ असतो. हा शाळेतला वर्ग नव्हे. दाखल्याचा कोरा नमुना म्हणा ना! ‘विद्यार्थी’ हा क्लास. नाव, जन्मतारीख, इयत्ता हे त्याचे रकाने. ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहितात, त्यात हा नमुना आखून देणारा एक मदतनीस असतो. त्याला विझार्ड म्हणतात. गडी कामाचा, पण हात जरा सैल. सी प्लस प्लस भाषेत काही विझार्ड न मागता दोन रिकाम्या गोष्टी घालतात: वस्तू तयार होताना चालणारा कन्स्ट्रक्टर आणि ती मोडताना चालणारा डिस्ट्रक्टर. त्यांची घोषणा एका फाइलीत, रिकामा मजकूर दुसरीत. क्लासचे नाव बदलले की दोन्हीकडे खोडाखोड! खरे तर आपण काहीच लिहिले नाही, तर कंपायलर हे दोन्ही स्वतःच पुरवतो.

बरे, रिकाम्या ओळीने बिघडते काय? बिघडते. २०११ पासून या भाषेत ‘मूव्ह’ची सोय आली. हजेरीपट नव्याने उतरवून न काढता तोच दुसऱ्याच्या हाती द्यावा, तसे हे. पण डिस्ट्रक्टर आपण लिहिला, मग तो रिकामा का असेना, की कंपायलर ही सोय आपणहून देत नाही. बोलतही नाही, मुकाट्याने नक्कल करत बसतो.

तेव्हा विझार्डने आधी विचारावे: ही वस्तू फाइल किंवा मेमरी स्वतः सांभाळणार का? या क्लासपासून दुसरे क्लास निघणार का? दोन्हींना ‘नाही’ असे उत्तर आले, तर रकाने आखून थांबावे. पायथॉनने २०१८ मध्ये ‘डेटाक्लास’ आणि जावाने २०२१ मध्ये ‘रेकॉर्ड’ आणून पुष्कळशी पुनरुक्ती भाषेतच मिटवली.

खेड्यातून नवा आलेला मुलगा मात्र समजतो, यंत्राने लिहिले म्हणजे लागतच असणार, आणि त्या ओळी पाठ करतो. गुरुजी, त्याला त्या खोडून प्रोग्राम पुन्हा चालवायला सांगा. फक्त दोन्ही फाइलींतून खोडा म्हणावे. एकीत राहिल्या तर प्रोग्राम अडेल.