‘विथ’ : सोबतीचा की विरोधाचा?

आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. तिच्याविषयी ‘मराठाज फॉट विथ द ब्रिटिश’ असे इंग्रजी वाक्य समोर आले, तर अनुवादकाने काय लिहावे? ‘मराठे इंग्रजांशी लढले’ हे बरोबरच आहे. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज होती. पण आर्थर वेलस्लीच्या बाजूला म्हैसूरच्या घोडदळाबरोबर पेशव्यांकडचे मराठी घोडदळही होते. म्हणजे ‘मराठे इंग्रजांच्या बाजूने लढले’ हेही खोटे नाही. इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ पोटात ठेवून गप्प बसते.

ही संदिग्धता आजची नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’, ‘समोर’ असा होता. ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात उभे राहणे, टिकाव धरणे. ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे ओढून घेणे. या शब्दांत सोबतीचा मागमूस नाही. शब्दाचे मूळही तेच सांगते. भाषाशास्त्रज्ञ ते ज्या धातूपर्यंत नेतात, त्याचा अर्थ वेगळे होणे, दूर होणे असा आहे, आणि आपल्या ‘वियोग’, ‘विभाग’मधला ‘वि’ हा उपसर्ग त्याच कुळातला. ‘बरोबर’ असा अर्थ सांगणाऱ्या शब्दाचा भाऊबंद आपल्याकडे ताटातुटीचे काम करतो, ही मला या शोधातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

मग सोबतीसाठी जुन्या इंग्रजीत काय होते? ‘मिड’. जर्मनमध्ये तो ‘मिट’ या रूपात आजही रोज वापरला जातो. इंग्रजीत मात्र ‘मिडवाइफ’मध्ये तेवढा उरला. ही ‘मधली बाई’ नव्हे. ‘वाइफ’चा जुना अर्थ नुसता ‘स्त्री’, तेव्हा बाळंतिणीसोबत असणारी ती मिडवाइफ, आपली सुईण. पुढच्या तीन-चार शतकांत ‘विथ’ने ‘मिड’ची जागा बळकावली. सोबत घेतली, आणि ‘चाकूने कापले’मधला ‘ने’सुद्धा घेतला. वायकिंगांच्या भाषेतल्या सख्ख्या शब्दाचा यात हातभार असावा, असे मानतात. वाट बहुधा झगड्यातूनच गेली असावी: ज्याच्याशी लढायचे, तो लढाईत आपल्याबरोबर असतोच की!

मराठीने हे काम वाटून दिले आहे. हत्याराला ‘ने’, सोबतीला ‘सह’ किंवा ‘बरोबर’, खिशातल्या पैशाला ‘जवळ’. ‘विथ ऑल हिज फॉल्ट्स’ला तर ‘दोष असूनही’ असे वळण घ्यावे लागते. ‘शी’ समोरासमोरच्या व्यवहाराचा. भांडण, कुस्ती, करार, गप्पा सगळे ‘शी’. लग्नही ‘शी’च, यावर विनोद करायचा मोह मी आवरतो. म्हणून ‘इंग्रजांशी लढले’ म्हटले की शत्रू कोण, याला शंका उरत नाही.

पण ‘बरोबर’ तितके भरवशाचे नाही. ‘तो भावाबरोबर भांडला’ यात भाऊ साथीदार की प्रतिपक्ष? बोलताना संदर्भ सावरून घेतो. इतिहासाच्या अनुवादात मात्र ‘इंग्रजांबरोबर लढले’ असे लिहिले, की इंग्रजीतली संदिग्धता मराठीत जशीच्या तशी येते. तिथे ‘शी’ किंवा ‘च्या बाजूने’ यांतले एक निवडावे लागते, आणि असईच्या बाबतीत त्याआधी ते घोडदळ कोणाचे हे पाहावे लागते.