लहान दुर्बिणीतून आकाशनिरीक्षण

आकाशाचे शास्त्रीय निरीक्षण हे मोठ्या वेधशाळांचेच काम होय, अशी पुष्कळांची समजूत असते. कोलकात्याजवळील बारासात येथे ज्यांचे उत्तरायुष्य गेले, त्या राधागोविंद चंद्र यांचे चरित्र ही समजूत खोटी ठरविते. १८७८ साली जन्मलेले चंद्र जेसोर येथील सरकारी खजिन्यात नोकरीस होते. महाविद्यालयीन शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूने त्यांना आकाशाचा छंद लावला आणि १९१२ साली त्यांनी तीन इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण मिळविली.

एवढ्याशा दुर्बिणीतून नवशिक्याने काय पाहावे? आरंभ चंद्रापासून करावा. मात्र पौर्णिमेस नव्हे. शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या सुमारास प्रकाश व अंधार यांच्या सीमेवर पर्वतांच्या व विवरांच्या छाया लांब पडतात, त्यामुळे ती ठळक दिसतात. त्यानंतर गुरूकडे वळावे. त्याचे चार मोठे उपग्रह दिसतील. त्यांपैकी सर्वांत आतला सुमारे ४२ तासांत गुरूभोवती एक फेरी पुरी करतो, म्हणून रोज सायंकाळी काढलेली आकृती निराळी येते. शुक्राच्या कला व शनीची कडी हीही पाहता येतात. कोलकात्यासारख्या शहरात दिव्यांच्या झगमगाटाने अंधुक तारे लोपतात, परंतु चंद्र व तेजस्वी ग्रह दिसत राहतात. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. क्षणार्धात दृष्टी जाईल.

याहून महत्त्वाचे काम रूपविकारी ताऱ्यांचे होय. या ताऱ्यांचे तेज कमीअधिक होत असते. तिमिंगल समूहातील मीरा तारा सुमारे अकरा महिन्यांत नुसत्या डोळ्यांना ठळक दिसण्यापासून दुर्बिणीवाचून न दिसण्यापर्यंत बदलतो. त्याचे तेज मोजण्यास यंत्र लागत नाही. ज्यांचे तेज ठाऊक आहे असे दोन शेजारी तारे निवडावे. एक ८ प्रतीचा व दुसरा त्याहून मंद असा ९ प्रतीचा असून मीरा दोहोंच्या मधोमध भासला, तर ८.५ ही प्रत दिनांक व वेळ यांसह वहीत लिहावी. एका नोंदीवरून फारसा बोध होत नाही. अनेक वर्षांच्या नोंदींतून मात्र ताऱ्याच्या बदलांचा क्रम उमगतो.

चंद्र यांनी हेच केले. जून १९१८ मध्ये गरुड समूहात अकस्मात प्रकटलेला नवतारा त्यांच्या दृष्टीस पडला. पुढे अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेने त्यांना सहा इंचांहून थोडी मोठी दुर्बीण वापरण्यास दिली. फाळणीनंतर जेसोर सोडून ते बारासातला आले, तरी निरीक्षणे थांबली नाहीत. त्यांची संख्या ३७,००० च्या वर गेली. त्यांना दिलेली दुर्बीण पुढे तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत पोहोचली. १९७५ साली चंद्र निवर्तले.

वेधशाळेतील मोठी दुर्बीण प्रत्येक ताऱ्याकडे रोज वळविता येत नाही. गच्चीवरील लहान दुर्बीण व नियमाने लिहिलेली वही ती उणीव भरून काढतात.