पुन्हा एकदा निरक्षर

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत स्टँपाचा एक कागद आहे. पणजोबांच्या नावचं खरेदीखत. घड्यांवर विरलेलं, शाई तपकिरी पडलेली, आणि सगळा मजकूर मोडी लिपीत. लहानपणापासून मी तो कागद बघत आलो आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्यातलं एक अक्षर मला लागत नव्हतं. भाषा मराठी, जमीन आमच्याच गावची, नावं आमच्याच घरातली, पण माझ्यासमोर नुसत्या वळणावळणाच्या रेघा.

यात किती नवल आहे हे मोडीच्या वर्गात बसेपर्यंत मला कळलं नव्हतं. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना एखाद्या दुकानाची पाटी न वाचण्याचा प्रयत्न करून पाहा. जमत नाही. नजर पडते न पडते तोच 'किराणा भुसार' वाचून झालेलं असतं. वाचायला शिकलेल्या माणसाला अक्षर नुसतं आकार म्हणून बघण्याची सोयच उरत नाही. पहिलीच्या वर्गात जाण्याआधी हेच शब्द आपल्याला कसे दिसत होते, ते आठवायचं म्हटलं तरी आठवत नाही. मोडीनं मला ते परत दाखवलं. आपलीच भाषा, पण अजून अर्थ न चिकटलेली.

शनिवारी दुपारी वर्ग असायचा. सरांनी पहिल्या दिवशी अक्षर शिकवलंच नाही. कोरा कागद दिला आणि डावीकडून उजवीकडे अख्ख्या पानभर शिरोरेषा ओढायला लावल्या. बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आपण शब्द आधी लिहितो आणि रेघ मागून देतो. मोडीत रेघ आधी, आणि अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकवायची. मग हात उचलायचा नाही. काना द्यायचा तर तो अक्षराच्या तळापासूनच वर ओढत न्यायचा आणि शिरोरेषेला भिडवायचा. तिथून पुढचं अक्षर सुरू. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी-उकारात ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. कारकुनाला भराभर लिहायचं होतं, त्या घाईतून ही लिपी घडत गेली. पन्नास वर्षं बाळबोध लिहिलेला माझा हात दर अक्षराला आपोआप वर उठायचा. मला तो दाबून धरावा लागायचा. पहिल्या तासाच्या शेवटी मनगट इतकं दुखलं की घरी जाऊन गरम पाण्यात धरलं.

तेव्हापासून मला एकच कुतूहल लागून राहिलं. या वयाच्या मेंदूत नवी लिपी जाऊन बसते तरी कुठे?

उत्तराची सुरुवात पॅरिसमध्ये होते. १८८७ साली तिथल्या एका निवृत्त व्यापाऱ्याला एके दिवशी वाचता येईनासं झालं. डोळे शाबूत, बोलणं शाबूत. आकडे ओळखता येत होते. लिहिताही येत होतं. सांगितलेलं वाक्य तो नीट उतरवून घ्यायचा. पण स्वतः लिहिलेलं तेच वाक्य थोड्या वेळानं समोर धरलं तर त्याला ते वाचता यायचं नाही. ज्यूल देजरीन या डॉक्टरांनी त्याला तपासलं, आणि तो वारल्यावर १८९२ साली त्याच्या मेंदूचं वर्णन प्रसिद्ध केलं. डाव्या बाजूला, मागच्या भागात, रक्तपुरवठा बंद पडून इजा झालेली होती. डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर भाषेपर्यंत पोचवणारी वाटच तुटली होती. याच माणसाची आणखी एक गोष्ट देजरीननी नोंदवली आहे. अक्षर नुसतं बघून कळायचं नाही, पण त्याची वळणं बोटानं गिरवली की कळायचं. डोळे विसरले होते, हात विसरला नव्हता. ही गोष्ट मी वाचली आणि पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो.

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्या जागेचा पत्ता बराच पक्का झाला. मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, मागे आणि खालच्या अंगाला, एक लहानसा पट्टा आहे. माणूस चिनी वाचो, हिब्रू वाचो की मराठी, अक्षरं ओळखायचं काम जवळपास तिथेच चालतं. खरं नवल पुढेच आहे. लिपी जेमतेम ५,००० वर्षांची. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळा अवयव उगवणं शक्यच नव्हतं. मग तो पट्टा आधी काय करत होता? वस्तू, चेहरे, आकार ओळखत होता. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांचं म्हणणं असं की वाचायला शिकताना मेंदू नवी खोली बांधत नाही, जुन्याच खोलीत नवं बिऱ्हाड येतं. त्या खोलीच्या जुन्या सवयी मग नव्या कामात आडव्या येतात. बैल डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, बैल तोच. डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या नजरेला हे शहाणपण हवंच होतं. अक्षरांना मात्र ते चालत नाही. शाळेत नव्यानं बसवलेलं मूल ३ आणि ६ मध्ये घोळ घालतं, ते वेंधळेपणानं नव्हे. त्याची नजर लाखो वर्षांचा जुना नियम पाळत असते.

पण मूल कोवळं असतं, त्याचा मेंदू वळतो. मोठ्या माणसाचं काय? दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांचे मेंदू तपासले. काही जण लहानपणी शिकलेले, काही कधीच न शिकलेले, आणि काही मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेले. या तिसऱ्या गटातल्या लोकांच्या मेंदूतही तोच पट्टा अक्षरं पाहून जागा होत होता. दार बंद झालेलंच नव्हतं.

माझ्या जवळचा प्रयोग मात्र लखनौजवळच्या खेड्यांतला आहे, कारण तिथे शिकवली ती आपलीच देवनागरी. तिशीच्या आसपासच्या, अजिबात लिहिता-वाचता न येणाऱ्या गावकऱ्यांना, त्यातल्या बहुतेक बायका, सहा महिने हिंदी लिहा-वाचायला शिकवलं. आधी आणि नंतर मेंदूचे एमआरआय काढले. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. बदल मेंदूच्या वरच्या, 'हुशार' समजल्या जाणाऱ्या थरापुरता असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो खोल आतपर्यंत, थॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंत गेलेला दिसला. नजर कुठे वळवायची, कशावर खिळवायची, हे ठरवणारे हे भाग उत्क्रांतीच्या हिशेबात फार जुने. ते आणि दृष्टीचा वरचा भाग एका तालात चालू लागले होते. चूल, शेत, गुरं सांभाळून सहा महिने अ-आ-इ-ई गिरवलं, आणि त्यानं मेंदूच्या पार तळाच्या मजल्यावर हालचाल झाली!

आपल्याकडेही, ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन, साठीच्या पुढच्या आज्या तिथे पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. त्यांचे फोटो लोक कौतुकानं बघतात. लखनौचा प्रयोग वाचल्यावर मी ते फोटो परत पाहिले तेव्हा मला दुसरंच दिसलं. सुरकुतलेल्या बोटांत धरलेली ती पेन्सिल पाटीवर फिरत असताना आत, कवटीच्या अंधारात, काय काय नव्यानं जोडलं जात असेल.

वय वाढल्यानं काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. जर्मनीत साठीच्या आसपासच्या माणसांना तीन महिने तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं होतं. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास. तरुणांच्या मानानं फार थोड्यांना तो खेळ पुरता साधला. पण ज्यांना साधला त्यांच्या मेंदूत हालती वस्तू टिपणाऱ्या भागातला करडा थर तरुणांप्रमाणेच वाढलेला आढळला, आणि सराव सोडल्यावर पुन्हा ओसरला. वेग कमी होतो, वाट तीच राहते.

आमच्या वर्गात हे दर शनिवारी दिसायचं. शेजारच्या बाकावर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बसायची. पहिल्या दोन महिन्यांतच ती अक्षरं माझ्या दुप्पट वेगानं लावू लागली. एकदा सरांनी धान्याच्या हिशेबाचा कागद दिला. मी पहिल्याच ओळीत अडकलो. तिनं सरळ वाचलं, "जों-ध-ळे पा-य-ली तीन," आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काका, जोंधळे म्हणजे?" मी ज्वारी म्हणालो, पायली म्हणजे चार शेर म्हणालो, आणि ते शब्द मिळाल्याबरोबर माझी गाडी सुटली. पुढच्या ओळीत खंडी असणार, मण असणार, गहू-हरभरा असणार हे मला आधीच ठाऊक होतं. आकार फक्त ताडून बघायचे होते. तिच्याकडे आकार होते, माझ्याकडे शब्द. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की मेंदूचा झपाटा विशीच्या आगेमागे ओसरू लागतो, पण शब्दसंग्रह साठी उलटेपर्यंत वाढत राहतो. त्या बाकावर मला हे आकडेवारीशिवाय कळलं होतं.

आणि पेशवाईतल्या कागदांवरची सालं! एका पत्रावर होतं, 'सु॥ सीत सबैन मया व अलफ'. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. अरबी आकडे, एकंपासून सुरुवात, जसे आपण शहात्तर म्हणताना सहा आधी घेतो. झाले ११७६. हा शुहूर सन, वर्षाला आरंभ मृगाला. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. म्हणजे १७७५-७६. सरांनी फळ्यावर बेरीज पुरी केली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, कोट्यवधी. ते वाचू शकणारी माणसं थोडी.

आठव्या महिन्यात मी खरेदीखताची झेरॉक्स वर्गात नेली. 'लिहून घेणार' लागलं, 'लिहून देणार' लागलं, त्यापुढे नावंच असणार म्हणून नावं लागली. पणजोबांचं नाव वाचलं तेव्हा सरही थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चतुःसीमा. पूर्वेस ओढा. पश्चिमेस शेजाऱ्याचं शेत. उत्तरेस गावठाण. दक्षिणेस... तिथे एक छोटासा शब्द होता, आणि तो कोणालाच लागेना. सर म्हणाले, "राहू द्या. रोज गिरवा. अर्थ शोधू नका, नुसता गिरवा."

रोज गिरवला. कागदावर, जेवणाच्या ताटात, एसटीत बसल्यावर गुडघ्यावर. नवव्या की दहाव्या दिवशी, खिडकीबाहेर बघत बोट फिरवत असताना, दुसऱ्या अक्षराशी माझा हात खालून वर गेला, रेघेला लागला आणि तिथून पुढे वळण घेताना थबकला. आतापर्यंत मी ज्याला वेगळं अक्षर समजत होतो तो पहिल्या अक्षराचा काना होता. बोटाला ते आधी कळलं, मला नंतर. पा. मग ण. मग द. लिहिणाऱ्यानं अनुस्वार दिलेलाच नव्हता.

दक्षिणेस पाणंद.

दोन्हीकडे निवडुंगाचं कुंपण, मधून एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट, पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल. त्याच पाणंदीनं मी दप्तर घेऊन शाळेत जायचो.