मोलोकाईच्या पाद्र्याचा दिवस

मिशनरी म्हटला की आपल्यापुढे एक ठरीव आकृती उभी राहते. हातात पुस्तक, गळ्यात क्रूस आणि तोंडी उपदेश. कोणी त्याला धर्म बाटवणारा म्हणतो, कोणी संत म्हणतो. पण हा मनुष्य सकाळपासून रात्रीपर्यंत करीत काय होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझे आयुष्य कामगारांच्या हजेऱ्या, पाळ्या आणि कामाचे तास यांचा हिशेब मांडण्यात गेले, म्हणून मला तोच प्रश्न आधी सुचतो. फादर डेमियनच्या दिवसाचा तसा हिशेब आज मांडून पाहू.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर तो १८६४ साली उतरला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मूळचा बेल्जियममधील ट्रेमेलो गावचा, शेती आणि धान्याचा व्यापार करणाऱ्या घरातला. खरे म्हणजे बेटांवर जायचे होते ते त्याच्या थोरल्या भावाला. भाऊ तापाने आजारी पडला. तेव्हा या पोराने जवळच्या वरिष्ठांना ओलांडून पॅरिसला संघाच्या प्रमुखांना थेट पत्र टाकले, की त्याच्या जागी मला पाठवा. वरच्याला ओलांडून अर्ज करण्याची ही खोड पुढे जन्मभर टिकली, आणि मला तरी तो त्या खोडीमुळेच आपल्यातला वाटतो. शिडाच्या जहाजातून केप हॉर्नला वळसा घालून जवळजवळ पाच महिन्यांनी तो होनोलुलूला पोहोचला. दोन महिन्यांत धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि सर्वांत मोठ्या बेटावर त्याची नेमणूक झाली.

तिथली पहिली नऊ वर्षे म्हणजे एक अखंड पायपीटच होती. प्रथम ज्वालामुखीच्या छायेतला पुना विभाग, नंतर कोहाला आणि हामाकुआ. मुलूख एवढा पसरलेला, की त्याला एक फेरा घालायला सहा आठवडे लागत. घोड्यावरून, होडीने, आणि कपारी आल्या की हातापायांनी चढत. वेदीचे सामान बरोबर घ्यायचे. जिथे देऊळ नाही तिथे ते मांडून मिस्सा म्हणायची. त्यांची भाषा त्यांच्याच घरात बसून शिकायची. त्या भाषेत ‘ड’ हा उच्चारच नाही, म्हणून लोकांनी डेमियनचे ‘कामियानो’ केले. जेवण त्यांचेच, अळूचे कंद शिजवून कुटून केलेले ‘पोई’. आपण अळूची पाने खातो, ते कंदावर जगतात, एवढाच फरक. गाव जमले की देऊळ बांधायला काढायचे, आणि तुळया वाहण्यापासून खिळे ठोकण्यापर्यंत पाद्री स्वतः कामाला. सुतारकी हीच त्याची खरी विद्या होती, असे मला वाटते. वेदान्ताच्या वादात तो फारसा पडला नाही. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांशी मात्र त्याची चढाओढ चाले, आणि त्यात तो काही फार उदार नव्हता.

आता मोलोकाईकडे येऊ. बाहेरच्या जहाजांबरोबर हवाईत देवी, गोवर असे रोग आले आणि लोक माशांसारखे मेले. कुष्ठरोगही बाहेरूनच आला असावा. लोकांनी त्याला एक नाव दिले, त्याचा अर्थ ‘ताटातूट करणारा रोग’. ही ताटातूट रोगापेक्षा कायद्यानेच अधिक केली. १८६५ साली राजा पाचवा कामेहामेहा याच्या राज्यात कायदा झाला, की रोग्यांना धरून वेगळे ठेवावे. आणि १८६६ पासून त्यांना मोलोकाई बेटाच्या एका जिभेसारख्या भूशिरावर नेऊन सोडू लागले. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे सुमारे २००० फुटांचा उभा कडा. रोगी शेती करून पोट भरतील, असा सरकारचा हिशेब. ज्यांची बोटे झडली त्यांनी कुदळ कशी धरावी, हे हिशेब करणाऱ्याला कोणी विचारले नसावे.

१० मे १८७३ रोजी बिशपांबरोबर डेमियन तिथे उतरला. तेहतीस वर्षांचा. चौघांनी पाळीपाळीने जावे असे ठरले होते. पण पहिली पाळी ज्याची आली तो परतलाच नाही. राहायला घर नव्हते. सुरुवातीला तो आपल्या केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली झोपे. त्याचा दिवस साधारण असा जाई. पहाटे प्रार्थना, मग मिस्सा. देवळात जखमांची दुर्गंधी इतकी असे, की त्यावर उपाय म्हणून त्याने पाइप ओढायची सवय लावून घेतली. मग अनाथ मुलांना शिकवणे. मग झोपड्या-झोपड्यांतून फेरी: जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, मरणाऱ्याजवळ बसणे. उरलेला दिवस करवत, रंधा आणि हातोडा. आधी प्रेते चटईत गुंडाळून उथळ खड्ड्यात पुरीत, आणि डुकरे ती उकरीत. त्याने स्मशानाला कुंपण घातले, आणि फळ्या मिळतील तशा शवपेट्या करू लागला. त्या शेकड्यांनी भरल्या. रात्री दिव्यापाशी पत्रे लिहायची.

ही पत्रे म्हणजे मुख्यतः मागण्या होत. लाकूड पाठवा, घोंगड्या पाठवा, पाणी द्या. पाणी लांबून घळीतून खांद्यावर वाहून आणावे लागे, आणि वाहणारे आजारी. डेमियन काही धडधाकट रोग्यांना घेऊन दरीच्या टोकाला गेला. तिथे डोह सापडला, काठाजवळ मोजला तर १८ फूट खोल. सरकारने नळ पाठवले, आणि ते टाकायला हातभार लावला तो रोग्यांनीच. १८७४ च्या वादळात कुजक्या झोपड्या कोसळल्या, तेव्हाही तसेच: लाकूड सरकारचे, बांधकाम पाद्री आणि त्याच्या पोरांचे. त्या पोरांची नावे कुठे फारशी आढळत नाहीत. रोग नसताना आपल्या माणसाबरोबर राहायला आलेल्या बायका-नवऱ्यांना तिथे ‘कोकुआ’ म्हणत. त्यांच्याशिवाय ही वस्ती एक दिवस चालली नसती. आरोग्यखात्याला हा माणूस हेकट आणि कटकटीचा वाटे. चाळीच्या नळासाठी मी वर्षानुवर्षे अर्ज केले आहेत, त्यामुळे हे विशेषण ओळखीचे आहे.

खात्यानेही त्याला आपले बळ दाखवले. वस्तीबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली. एकदा त्याचे वरिष्ठ जहाजातून आले, त्यांना उतरू दिले नाही; डेमियनला जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा होडीत उभे राहून, वर पाहून, सर्वांसमक्ष मोठ्याने त्याने आपली पापे फ्रेंच भाषेत कबूल केली.

पहिल्या वर्षापासूनच तो प्रवचनात रोग्यांना ‘तुम्ही’ न म्हणता ‘आपण कुष्ठरोगी’ म्हणे. एकाच भांड्यात बोटे घालून पोई खाई, पाइपही ज्याला हवा त्याला देई. त्याच १८७३ साली नॉर्वेत हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला होता. पण औषध नव्हते. बहुतेक माणसांना हा रोग जडतच नाही, त्यांच्या अंगात प्रतिकार असतो, हे आज आपण जाणतो. डेमियन त्या बहुतेकांपैकी नव्हता. १८८४ च्या अखेरीस पायावर कढत पाणी सांडले आणि भाजल्याचे कळलेच नाही, तेव्हा निदान उघड झाले. १५ एप्रिल १८८९ रोजी तो एकोणपन्नासाव्या वर्षी वारला. शेवटच्या वर्षांत जोसेफ डटन आणि मदर मरियान हे मदतीला आले होते, म्हणून काम थांबले नाही.

माझे एक गाऱ्हाणे मात्र उरते. डेमियन लाकडासाठी भांडला, नळासाठी भांडला, कायद्याशी भांडला नाही. तो कायदा १९६९ पर्यंत चालला आणि सुमारे ८००० माणसे त्या कड्याखाली गेली. आपल्या वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आधी भंगी-कामगारांची संघटना केली, स्वतः मैला वाहिला, आणि मग आनंदवन उभारले. त्यांना १९८३ साली डेमियन आणि डटन यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला.

डेमियनला त्याच झाडाखाली पुरले होते. १९३६ साली त्याचा देह बेल्जियमला नेला. १९९५ मध्ये त्यातला उजवा हात परत आणून मोलोकाईच्या जुन्या खड्ड्यात ठेवला.