वेळासची कासवे आणि गावाचे पर्यटन

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोटजवळ वसलेले छोटे गाव. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासात त्याची नोंद होतीच. गेल्या दोन दशकांत ते समुद्री कासवांमुळे महाराष्ट्रभर माहीत झाले. कासवांचे रक्षण आणि गावाचा रोजगार यांची सांगड येथे घातली गेली. कोकणच्या पर्यटनाला या प्रयोगातून शिकण्यासारखे बरेच आहे.

वेळासच्या किनाऱ्यावर येणारे कासव ऑलिव्ह रिडले जातीचे असते. ओडिशाच्या गहिरमाथा किंवा ऋषिकुल्या किनाऱ्यावर या जातीच्या माद्या हजारोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालतात. कोकणात मात्र त्या एकेकट्या येतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री पुळणीवर चढते, भरतीच्या रेषेपलीकडे मागच्या पायांनी खड्डा करते, त्यात सुमारे शंभर अंडी घालते आणि वाळूने तो बुजवून समुद्रात परतते. पुढे ती घरट्याकडे फिरकत नाही. वाळूच्या उबेवर ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, कमी तापली तर नर.

ऑलिव्ह रिडलेला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तरीही कोकणात कासवाची अंडी उकरून खाण्याची आणि विकण्याची रीत होती. त्यातून वाचलेल्या अंड्यांवर कोल्हे आणि कुत्री टपलेली असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या घरट्यांचा अभ्यास करत किनाऱ्यावर फिरत असताना हा प्रकार त्यांच्या लक्षात आला. २००२मध्ये संस्थेने वेळासला संवर्धनाचे काम हाती घेतले. जी माणसे पूर्वी अंडी काढत, त्यांना घरटे नेमके कुठे असते हे सर्वांत चांगले ठाऊक होते. त्यांचे मन वळवून ती जाण रक्षणासाठी वापरण्यात आली. या कामाला वनविभागाची आणि ग्रामपंचायतीची साथ मिळाली.

कामाची पद्धत साधी असली तरी तिला शिस्त लागते. घरट्यांची राखण करणारे गावकरी, म्हणजे कासवमित्र, पहाटे किनारा पायाखाली घालतात आणि वाळूवर उमटलेल्या मादीच्या मागावरून घरटे शोधतात. अंडी लवकरात लवकर आणि फार न हलवता काढावी लागतात; ती उलटीपालटी झाली तर आतला जीव दगावू शकतो. मग जाळीने बंदिस्त केलेल्या जागेत, मूळ घरट्याएवढ्याच खोलीवर, ती पुन्हा पुरली जातात. प्रत्येक घरट्याच्या जागी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहून ठेवतात. पिल्ले बाहेर आली की त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, म्हणजे ती स्वतःच्या पायांनी समुद्र गाठतात.

पिल्ले समुद्रात जाताना पाहता यावीत म्हणून २००६पासून कासव महोत्सव भरू लागला. गावात मोठी हॉटेले नव्हती आणि ती उभारलीही गेली नाहीत. गावकऱ्यांनी आपल्याच घरांत पाहुण्यांची सोय केली. ओटीवर किंवा माजघरात अंथरूण आणि घरचे जेवण, असा हा पाहुणचार. त्यातून मिळणारा पैसा थेट घरात, बहुतेक वेळा गृहिणीच्या हाती येतो. घरट्याच्या रक्षणाशी कुटुंबाचे उत्पन्न जोडले गेले आणि अंडी जपणे हा गावाचा स्वतःचा विषय झाला. दापोलीजवळच्या आंजर्ले गावानेही हीच वाट धरली.

संवर्धनाबरोबर संशोधनही पुढे गेले. जानेवारी २०२२मध्ये वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवण्यात आले. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान यांचा हा उपक्रम होता. त्यानंतर गुहागरला असेच यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. २०२१मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे एकमेकांपासून पूर्णपणे तुटलेली नाहीत, याचा हा भक्कम पुरावा आहे.

या पर्यटनाला मर्यादाही आहेत. हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो आणि घरटे कोणत्या दिवशी फुटेल ते नेमके सांगता येत नाही. प्रखर दिव्यांनी पिल्ले वाट चुकतात, गर्दीच्या पायांखाली चिरडली जाऊ शकतात, आणि प्लास्टिक व किनाऱ्याची धूप यांचे संकट कायम आहे. म्हणून पाहुण्यांनी पिल्लांच्या वाटेभोवती बांधलेल्या दोरीबाहेर उभे राहावे, पिल्लांना हात लावू नये, फ्लॅश आणि विजेरी वापरू नये. पिल्ले दिसली नाहीत तरी कासवमित्रांकडून किनाऱ्याची माहिती घ्यावी. कासवाच्या वेळापत्रकाप्रमाणे माणसाने वागायचे, हा नियम पाळला जाईल तोवर किनारा आणि त्यावर जगणारे गाव दोन्ही टिकतील.