पांढऱ्या रंगामागची वीस वर्षं

२०२५ च्या जुलैमध्ये शुनसाकु तामिया गेल्याची बातमी वाचली आणि त्याच रविवारी माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्या नव्वद वर्षांच्या गृहस्थांचा आणि माझा संबंध एवढाच, की जपानमधल्या शिझुओकाच्या त्यांच्या कंपनीची एक रिमोटवरची मोटार २००४ साली आतेभावाच्या बॅगेतून पुण्यात माझ्याकडे आली. त्या मोटारीच्या आणि नंतरच्या पाच-सहा मोटारींच्या अंगावर चिकटवून उरलेल्या डिकल्सची कात्रणं या डब्यात आहेत. घरात त्याला सरळ ‘कचऱ्याचा डबा’ म्हणतात. मी एक-एक कात्रण काढून टेबलावर मांडत गेलो, तर वीस वर्षांचा क्रम आपोआप लागला. पांढरा रंग मला कधी, कसा आणि किती मिळाला, त्याचा तो क्रम होता.

पांढराच का, हे सांगायला आधी बॉडी सांगावी लागेल. या मोटारी जत्रेतल्या खेळण्यासारख्या नसतात. खोक्यात सुटे भाग येतात, ते आपणच जोडायचे. तामियांची पहिली रिमोट मोटार १९७६ ची, १/१२ मापाची पोर्शे ९३४. तिचं मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून या माणसाने खरीखुरी पोर्शे विकत घेऊन तिचा सांगाडा मोकळा केला होता. माझी १/१० मापाची. तिची बॉडी म्हणजे पॉलिकार्बोनेटचं जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं, काचेसारखं पारदर्शक कवच. ते रंगवायचं आतून. त्यामुळे सगळा क्रम उलटा होतो : बाहेरून जे वर दिसायला हवं ते आधी मारायचं, गडद रंग आधी, फिके नंतर आणि पांढरा सगळ्यांत शेवटी, कोटाच्या अस्तरासारखा. बाहेरच्या बाजूला गुळगुळीत प्लॅस्टिक राहतं, म्हणून मोटार कितीही घासली तरी रंग जात नाही. डिकल्स मात्र बाहेरून चिकटवतात. मार खायचा तो त्यांनीच.

माझ्या पहिल्या बॉडीला हे तत्त्व लागू पडलं नाही. पॉलिकार्बोनेटचे खास स्प्रे कुठून आणणार? ज्वालाग्राही डबे विमानाने येत नाहीत. मी हार्डवेअरच्या दुकानातला साधा लाल स्प्रे आतून मारला. पहिल्याच धडकेत बॉडी वाकली, सरळ झाली आणि आतला रंग पापडासारखा सुटून चेसिसवर पडला. बाहेरची डिकल्स तेवढी शाबूत, काचेवर चिकटवल्यासारखी अधांतरी.

खोक्यातला डिकल्सचा कागद डब्याच्या तळाशी अजून आहे. कडा पिवळ्या पडल्यात. त्या कागदावर आकार आधीच कापलेले नसतात. प्रत्येक चट्टापट्टा ब्लेडने आपणच कापायचा, आणि टोकदार कोपरा ठेवला की तो आठवडाभरात वर आलाच समजायचं. कोपरे गोल करायचे, ही या छंदातली पहिली अक्कल. पण मला त्या जपानी कागदावरची टायरची आणि तेलाची नावं नको होती. मोटार लाल होती आणि मला तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘विनाथांबा’ लिहायचं होतं. एसटीच्या लाल गाडीच्या काचेमागे ज्या पाटीकडे पाहत बालपण गेलं, तीच. रेसिंगच्या मोटारीला याहून चांगलं नाव मला आजही सुचत नाही.

तेव्हा घरी इंकजेट प्रिंटर होता. अप्पा बळवंत चौकातून स्टिकरचा कागद आणला. लाल पार्श्वभूमी छापायची आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची, म्हणजे कागदाचाच पांढरा मिळतो. छापलेला लाल आणि बॉडीचा लाल सख्खे सोडा, चुलतभाऊसुद्धा वाटेनात. शिवाय शाई पाण्यात विरघळणारी. पार्किंगमधल्या पहिल्या डबक्यात ‘विनाथांबा’ गुलाबी झालं. मग वरून रुंद सेलोटेप लावली, तर तिच्या कडेने पाणी आत शिरलं आणि कागद फुगला.

पुढची उडी पारदर्शक फिल्मची. यात म्हणे पार्श्वभूमीची कटकटच नाही. पिवळा सूर्य छापून पाहिला. हातात धरला तेव्हा झकास दिसला, आणि लाल बॉनेटवर टेकवला तसा नाहीसाच झाला. मी पुन्हा उचलला, सूर्य आला, टेकवला, गेला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की घरच्या प्रिंटरकडे पांढरा रंगच नसतो. तो निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढ्यांवर संसार करतो आणि पांढरा कागदाकडून उसना घेतो. त्याच्या शाया काचेवरच्या पाण्यासारख्या. खाली लाल असेल तर लालच दिसणार.

त्या काळात आल्प्स नावाच्या जपानी प्रिंटरचं नाव ऐकलं. शाईऐवजी रिबन, आणि त्यात चक्क पांढऱ्या रंगाची रिबन! आधी पांढऱ्याचा थर, मग त्यावर रंग. सोनेरी-चंदेरीही छापायचा. मॉडेल करणारे जगभर त्याच्यावर जीव टाकत, आणि कंपनीने त्याचं उत्पादन थांबवल्यावर जुन्या रिबन्स जपून वापरत. मी तो कधी प्रत्यक्ष पाहिला नाही. पाण्यात भिजवून सरकवायची डिकल्स मात्र करून पाहिली. काचेच्या कपाटातल्या विमानावर ती अप्रतिम बसतात. पण रिमोटच्या मोटारीचं कवच दर धडकेला वाकतं, आणि तो साईसारखा पापुद्रा तडकतो.

उत्तर दोन किलोमीटरवर होतं आणि मला दिसत नव्हतं. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानांच्या रांगेत एक रेडियमवाला बसायचा. रेडियम म्हणजे क्युरी दांपत्याचं नव्हे. आपल्याकडे गाडीवर चिकटवायच्या कुठल्याही रंगीत व्हायनलला रेडियमच म्हणतात, ते चमको न चमको. पांढऱ्या रेडियमचा पांढरा छापलेला नसतो, ती पट्टीच पांढरी असते. लाल काय, काळ्यावर लावा, पांढरा तो पांढराच. २००७ च्या उन्हाळ्यात मी फ्लॉपी घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने शब्दाची रुंदी पाहिली, अकरा सेंटिमीटर, आणि विचारलं, “साहेब, सायकलीला लावायचंय का?” खरं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. मग म्हणाला, “फाइल कर्व्ह करून आणा. आणि खालच्या व्हर्जनला सेव्ह करा, आमचं कोरल जुनं आहे.”

कर्व्ह करणं म्हणजे अक्षराचं नुसत्या आकारात रूपांतर करणं. ते न केल्याने पहिल्या दिवशी पडद्यावर ‘विनाथांबा’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि टिंबटोकांचा गोंधळ उमटला होता, माझा मराठी फाँट त्याच्या मशीनवर नव्हता. दुसऱ्या दिवशी कर्व्ह करून नेलं. प्लॉटर सुरू झाला, सुईसारखं पातं कुरकुरत फिरलं, आणि पाहतो तर शब्दाचे तुकडे! वेलांटी आणि व च्या सांध्यात काप, न आणि कान्याच्या सांध्यात काप. देवनागरीत शिरोरेषा डोळ्याला सलग दिसते, पण संगणकात प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्यावर जरासं चढतं. पातं बिचारं प्रत्येक आकाराभोवती प्रामाणिकपणे फिरतं. “वेल्ड मारायचं राहिलं,” तो म्हणाला, आणि सगळे आकार एकजीव करून पुन्हा कापलं.

पुढचं काम मी स्टुलावर बसून पाहिलं. आधी आजूबाजूचं नको असलेलं रेडियम सोलायचं. तो कटरच्या टोकाने कोपरा उचलायचा आणि एका लयीत ओढत जायचा. व आणि ब यांच्या पोटातले तुकडे टोचून काढायचे. मग वर मास्किंग टेप दाबायची आणि अख्खा शब्द टेपवर उचलून घ्यायचा. इथे मला आपल्या लिपीचं अप्रूप वाटलं. शेजारी तो कुणाच्या तरी मोटारसायकलसाठी इंग्रजी नाव लावत होता. एकेक अक्षर सुटं, त्यामुळे टेपवर एखादं तिरकं व्हायचं, एखादं मागेच राहायचं. माझा शब्द मात्र शिरोरेषेला लटकून, दोरीवरच्या कपड्यांसारखा सलग आला. म्हणजे, जवळजवळ सलग. थ ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. त्यामुळे ‘विना’ हा एक तुकडा, ‘थांबा’ हा दुसरा आणि अनुस्वार तिसरा. अनुस्वार कापताना उडून गेला. पांढऱ्या टिंबाला फरशीवर शोधण्यात अर्थ नव्हता. त्याने हसून उरलेल्या पट्टीवर आठ-दहा टिंबं ओळीने कापून दिली, “ठेवा, लागतील.” त्याचे पैसे घेतले नाहीत.

चिकटवायची पद्धतही त्याचीच. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, ते बॉडीवर फवारायचं, म्हणजे डिकल लगेच पकड घेत नाही आणि सरकवून जागेवर आणता येतं. मग मधून कडेकडे पाणी निपटायचं. त्यासाठी मी जुनं मोबाइल रिचार्जचं कार्ड रुमालात गुंडाळून वापरायचो. चाकाच्या कमानीवर हेअर ड्रायरची ऊब द्यायची, रेडियम नरमतं आणि वळतं. फार ताणलं तर रात्रीतून पूर्वपदावर येतं, त्यापेक्षा बारीक चीर द्यावी.

त्या रविवारी मोटार मैदानावर नेली. तिसऱ्या फेरीला ती कठड्याला घासली आणि ‘विना’ गेलं. उरलेल्या शर्यतीत माझी लाल मोटार अंगावर ‘थांबा’ मिरवत पळत होती. पुढच्याच फेरीत मोटरवरचं छोटं दातेरी चाक सैल होऊन ती खरोखर थांबली. दोस्तांनी ते अजून सोडलेलं नाही.

यावर उपाय म्हणून मी शब्द आतूनच रंगवायचं ठरवलं. रेडियमचा साचा कवचाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, लाल मारायचा, साचा सोलायचा, मग पांढरा मारायचा. अक्षरं प्लॅस्टिकच्या पोटात, त्यांना कोण खरवडणार? तोवर बाहेरगावच्या एका मित्राकडून पॉलिकार्बोनेटचे खरे स्प्रेही मिळाले होते. काम सुरेख झालं. वरची संरक्षक फिल्म सोलली आणि शब्द उलटा! आतून लावायचा साचा आरशातल्यासारखा कापायला हवा, हे ज्याला त्याला सांगणारा मीच. त्या कवचावरचं ‘विनाथांबा’ फक्त पुढच्या मोटारीच्या आरशात वाचता आलं असतं, आणि या मोटारींना आरसे असतात ते नुसते शोभेचे.

मधली काही वर्षं भराभर गेली. फ्लेक्सवाल्यांकडे पांढऱ्या व्हायनलवर छापून कडेने कापून देणारी मशीनं आली. रंग हवे तेवढे, पाण्याची भीती नाही. पण कापणारं पातं छपाईपासून केसभर हुकलं की आकाराभोवती पांढरी कड दिसते. ज्या पांढऱ्यासाठी इतकी वर्षं तडफडलो, तो आता नको तिथे डोकावायला लागला. स्वस्तातलं व्हायनल वर्षभरात आक्रसतं, हेही तेव्हाच कळलं; कडेला गोंदाची रेघ उघडी पडते, तिच्यावर धूळ बसते आणि डिकलला काळा काठ आल्यासारखा दिसतो. महागाचं, पातळ, ओतून केलेलं व्हायनल तसं करत नाही. माझ्याकडच्या अर्ध्या कात्रणांना हे काळे काठ आहेत.

रेडियमवाल्याकडे जाणं कमी झालं. २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी सुरक्षित नंबर प्लेट सक्तीची झाली आणि त्याच्या धंद्याचा मोठा तुकडा गेला. शेवटचा गेलो तेव्हा तो मोबाइलची मागची कव्हरं आणि दारावरच्या पाट्या करत होता. प्लॉटर तोच, कुरकूर तीच.

आणि आता यूव्ही डीटीएफ. या छपाईत पांढरा खरोखर छापला जातो. गोंदाच्या फिल्मवर आधी पांढरा थर, त्यावर रंग, वर वार्निश. मग दुसरी फिल्म दाबून सगळं उचलायचं आणि बॉडीवर घासून वरची फिल्म काढायची. सोलणं नाही, वेल्ड नाही, अक्षराच्या पोटातले तुकडे नाहीत. तीन मिलिमीटरची अक्षरंही स्वच्छ येतात. गेल्या वर्षी एक ए-थ्री कागद मागवला आणि वीस वर्षांत जे-जे मनात होतं ते सगळं त्यात भरलं : पिवळा सूर्य, निमआराम गाडीचा हिरवा पट्टा, दरवाजाजवळची आसनसंख्या. लाल बॉनेटवर सूर्य टेकवला. फिल्म सोलली. सूर्य होता तिथेच राहिला. मी उगाच दोनदा बोट फिरवून पाहिलं.

तक्रार आहेच. हा थर नखाला लागण्याइतका जाड आणि कडक असतो. सपाट दारावर उत्तम, पण मागच्या कमानीच्या दुहेरी वळणावर ड्रायर मारूनही बसत नाही, आणि धडकेला रेडियमसारखा सोलून न निघता टवका उडून जातो. परवा नव्या मोटारीचा असाच टवका उडाला. नेमका अनुस्वार. एका बाजूला ‘विनाथांबा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘विनाथाबा’.

डबा उघडाच होता. २००७ ची ती टिंबांची पट्टी सापडली, सहा शिल्लक. चिमट्याने एक उचललं, साबणपाण्याचा थेंब, नखाने दाबलं. गोंद अजून जिवंत आहे. शेजारच्या नव्या पांढऱ्यापुढे टिंब जरा पिवळसर दिसतं, पण दोन फुटांवरून कळत नाही.